धोंडाबाईच्या पायाशी मेलेली कोंबडी

कोंबडी मेली तेव्हा चावडीसमोरच्या दोनशे माणसांचा श्वास एकदमच अडकला.

दुपारचे तीन. ऊन असं की पत्र्यावर पापड भाजावा. तरी कडुनिंबाखाली पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, बाया समाजमंदिराच्या पायऱ्यांवर, म्हातारे चावडीच्या ओट्यावर. मधे संशय घेतलेल्या सहा बाया ओळीनं उभ्या केलेल्या. त्यांच्यासमोर लोहा गावाहून बोलावलेला व्यंकट भगत. कपाळभर राख, गळ्यात कवड्यांची माळ, आणि पायात मात्र नवेकोरे चकचकीत स्पोर्ट शूज.

"ही कोंबडी न्हाई," भगत ओरडला, "ही देवाची टपालवाली हाय! जिच्या पायाशी हिचा जीव जाईल, तिनंच तुमच्या कोंबड्यांच्या माना मुरगाळल्या. पटतंय का?"

"पटतंय!"

"जोरात बोला, देव लई वर राहतो!"

पाच बायांपुढं त्यानं कोंबडी नुसती सोडली. ती दाणे शोधत तुरुतुरु निघून गेली. सहावी धोंडाबाई. तिच्यापुढं मात्र भगत गुडघ्यावर बसला. कोंबडी कुशीवर आडवी केली, मान हळूच जमिनीला टेकवली, स्वतःचे डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. मंत्र कसला, सगळं "ह्रीं फट् झट् पट्". चोचीपासून पुढं राखेची सरळ रेघ ओढली आणि दोन्ही हात अलगद उचलले.

कोंबडी उठलीच नाही. डोळा उघडा, पाय ताठ. मेलेली.

"गेली! जीव गेला!" कुणीतरी किंचाळलं. भगतानं अर्धं मिनिट जाऊ दिलं, मग टाळी वाजवून कोंबडीला ढकललं. "ऊठ!" कोंबडी धडपडत उठली आणि पंख झाडून चालू लागली. लोकांचे हात आपोआप जोडले गेले. मरण दाखवलं, जीवही परत दिला. आणखी काय पाहिजे?

ट्रॉलीवर उभ्या असलेल्या ऋतुजानं मात्र हात जोडले नाहीत. मेलेल्या कोंबडीला ती भ्याली नव्हती. हेच मरण तिनं तीन आठवड्यांपूर्वी धोंडाबाईच्या अंगणात पाहिलं होतं, आणि तेव्हा ती पोट धरून हसली होती.

ऋतुजा नववीत. रोज एसटीनं अहमदपूरच्या शाळेत जायची. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं विषय घेतला होता, परसातल्या कोंबड्यांच्या तीन जाती. गावरान, गिरिराज आणि कडकनाथ. तिन्ही जाती एकाच घरी होत्या, गावाच्या कडेला एकट्या राहणाऱ्या विधवा धोंडाबाईकडं. गावातल्या निम्म्या घरांत कोंबड्या आल्या त्या तिच्याच हातून. ती कोंबडी अर्धेलीनं द्यायची. म्हणजे कोंबडी तिची, सांभाळ तुमचा, पिलं निम्मी-निम्मी.

दर रविवारी ऋतुजा पिलं वजनकाट्यावर ठेवायची आणि वहीत लिहायची. महिन्याचं गिरिराज साडेतीनशे ग्रॅम, गावरान त्याच्या निम्मंच. पण घार दिसली की गावरान आधी पळतं, गिरिराज आभाळाकडं बघत उभं राहतं. कडकनाथ कुणाच्याच हाती लागत नाही.

"वजनावर जाऊ नको गं," धोंडाबाई म्हणायची. "गिरिराज म्हंजी लग्नातला पाव्हणा. खातो लई, उठतो उशिरा."

पाऊस संपला तेव्हा गावात एक फेरीवाला मोटरसायकलवर प्लॅस्टिकच्या जाळ्या बांधून आला. गिरिराजसारखी दिसणारी, चार महिन्यांत दोन किलोची होणारी पिलं! घरोघरी दहा-दहा घेतली आणि जुन्या कोंबड्यांतच सोडली. धोंडाबाईनं घेतली नाहीत. "जाळीतलीच दोन मान टाकून हायती," एवढंच ती बोलली, आणि ऋतुजाला म्हणाली, "तुझ्या शाळेजवळ जनावरांचा दवाखाना हाय न्हवं? मानमोडीची लस मिळती का बघ."

ऋतुजानं लस आणली, बर्फाच्या थर्मासात. घरी न सांगता. आईचं, म्हणजे मायचं, म्हणणं ठरलेलं होतं. "डोळ्यात औषध घालून पिलं आंधळी करायची हायत का?"

ऊन उतरल्यावर दोघींनी एकेका पिलाच्या डोळ्यात एकेक थेंब टाकला. मोठ्या कोंबड्या फडफडायच्या, तेव्हा धोंडाबाईनं गंमत दाखवली. कोंबडी कुशीवर निजवली, मान टेकवली, वीस आकडे मोजले आणि हात काढले. कोंबडी दगडासारखी! "मेली का काय?" म्हणून ऋतुजा दचकली, मग धोंडाबाईनं बोट लावताच ती कोंबडी अशी काही पळाली की दोघींना हसू आवरेना.

एक अडचण होती. बाटली शंभर थेंबांची आणि धोंडाबाईच्या कोंबड्या तीस. फोडलेली लस दोन तासांत संपवावी लागते. म्हणून धोंडाबाई ती बाटली घेऊन तिन्हीसांजेला दारोदार फिरली. "घाला गं बायांनो एकेक थेंब, फुकट हाय." एकाही घरानं दार पूर्ण उघडलं नाही. ऋतुजाच्या घरानंही नाही. दाराआड उभी राहून ऋतुजा गप्प बसली होती, कारण लस तिनंच घरी चोरून आणली होती. सत्तर थेंब शेवटी मातीत गेले.

पंधरा दिवसांत गावातली पिलं माना टाकू लागली. हिरवी हगवण, उघडी चोच, आणि शेवटी मान अशी मुरगळायची की चोच पाठीवर यायची. लोकांनी मेलेली पिलं उकिरड्यावर टाकली, कुत्र्यांनी ती गावभर नेली. मायच्या एकेचाळीस कोंबड्यांतली एक उरली नाही. आणि धोंडाबाईच्या अंगणात तीसच्या तीस दाणे टिपत होत्या.

"समद्यांच्या मेल्या, हिच्याच कशा जित्या?" हे पहिल्यांदा माय बोलली, पाणवठ्यावर. दुसरी म्हणाली, "तिन्हीसांजेला बाटली घेऊन ती माझ्या दारी आली हुती." तिसरी म्हणाली, "माझ्या बी." वाचवायला फिरलेली बाई पाच दिवसांत चेटकीण झाली.

आणि आता भगत ओरडत होता, "हिला सूर्य मावळायच्या आत येशीबाहेर काढा! हिच्या कोंबड्या जित्या पुरा, तरच तुमच्या जगतील!"

दहा-बारा जण लगेच धावले. धोंडाबाईच्या कोंबड्या पोत्यांत घालून आणल्या, आणि चावडीसमोरच्या पडीक चुन्याच्या खड्ड्यात ओतून वर माती लोटली. माती थोडा वेळ हलत होती. मग हलायची थांबली. सरपंच हणमंतराव खाली मान घालून मोबाईल बघत होते.

"मी काय केलं गं तुमचं?" धोंडाबाईनं विचारलं. तेवढ्यात गर्दीतून दगड आला. तिच्या भुवईवर लागला आणि ती बसली.

ऋतुजानं ट्रॉलीवरून उडी मारली.

"पोरी, मागं हो!" भगत म्हणाला. "त्या कोंबडीत दैवत हाय. हात लावशील तर जळशील!"

"मग तुमचे हात कसे नाही जळले?" असं विचारत ऋतुजानं कोंबडी उचललीसुद्धा. ती सरळ सरपंचांपुढं गेली. कोंबडी कुशीवर निजवली, मान टेकवली. मंत्र येत नव्हता म्हणून सतराचा पाढा म्हणाली. सतरा दाहे एकशे सत्तर झाल्यावर हात काढले.

कोंबडी मेली.

"हणमंतकाका, तुम्ही चेटूक केलंय?"

"ए पोरी, काय बोलून राहिलीस!" सरपंच उडालेच. कोणीतरी फिस्सकन हसलं. ऋतुजानं कोंबडीला बोट लावलं, ती उठली. मग तिनं तीच कोंबडी भगताच्या चकचकीत बुटांपाशी निजवली. सतराचा पाढा. मेली.

"आता बोला महाराज. देवाची टपालवाली तुमच्याच दारात आली!"

"हे... हे माझ्याच मंत्राचं उरलेलं बळ हाय," भगत म्हणाला. "कोंबडी माझी, तिला सवय हाय."

"मग दुसरी आणा!" ऋतुजा ओरडली. "गावरान आणा, गिरिराज आणा, कुणाची जगली असली तर!" सोमेश किराणावाल्याकडं दोन उरल्या होत्या. त्याची बायको लक्ष्मम्मा दोन्ही घेऊन आली. गावरान लवकर उठली, गिरिराज बराच वेळ पडून राहिली, पण मेल्या दोघी. मग ऋतुजानं लक्ष्मम्मालाच खाली बसवलं, हात धरून दाखवलं, आणि लक्ष्मम्मानं स्वतः कोंबडी मारली आणि उठवली. "अगं बाई, मला बी येतं की!" तिला हसावं की रडावं कळेना.

"कोंबडीला पकडून दाबून ठेवलं की ती भिऊन थिजते," ऋतुजा म्हणाली. "कोल्ह्याच्या तोंडात सापडल्यावर मेल्याचं सोंग घेते, तसं. शरीर आपोआप करतं ते. राखेची रेघ नुसती तुम्हाला दाखवायला. आधीच्या पाच बायांपुढं यांनी कोंबडी निजवलीच नाही, नुसती सोडली. का? कारण मरायचं कुणाच्या पायाशी ते कोंबडीनं नाही, यांनी ठरवलं होतं. आणि यांना ते नाव आपण सांगितलं होतं."

मग ती आईसमोर उभी राहिली. हे बोलणं सगळ्यात अवघड होतं.

"माय, बाटली मी आणली होती. दवाखान्यातली लस ती. मावशीच्या कोंबड्या त्या लसीनं जगल्या. मावशी आपल्या दारात आली तेव्हा मी गप्प बसले. मी बोलले असते तर आपल्या पण जगल्या असत्या, आणि मावशीला दगड लागला नसता."

तेवढ्यात भगताची मोटरसायकल चालू झाल्याचा आवाज आला. पोरं धावली आणि त्याला गावाच्या कमानीपाशी धरलं.

ठाण्यातून जमादार आले. बाईला चेटकीण ठरवणं हा जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं. मग वही उघडून विचारलं, "दगड कुणी मारला?"

कुणी पुढं आलं नाही.

"कोंबड्या कुणी पुरल्या?"

कुणाला दिसलं नव्हतं. दोनशे माणसांना कोंबडी मरताना दिसली होती, तिच्यातून जीव जाताना दिसला होता, देवसुद्धा दिसला होता. दगड मात्र एकालाही दिसला नव्हता.

धोंडाबाईच्या भुवईला चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी ती मुदखेडला बहिणीकडं निघाली, एक गाठोडं घेऊन. ऋतुजा एसटीच्या थांब्यावर आडवी आली. "मावशी, आता सगळ्यांना कळलंय. खोटं होतं ते. राहा ना."

"तू शाणी हायस," धोंडाबाई म्हणाली. "पण त्या मातीखाली माझ्या कोंबड्या हलत हुत्या, तवा समदे बघून राहिले हुते. त्यांच्या शेजारी मी कशी निजू?" एसटी आली आणि ती चढली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी जमादार जबाब पुरे करायला पुन्हा चावडीवर बसले. साक्षीदारांच्या रकान्यात एकच नाव होतं, ऋतुजाचं. गर्दी कालच्याएवढीच होती आणि सगळ्यांच्या नजरा जमिनीत. मग बायांमधून माय पुढं आली. पदर नीट केला.

"साहेब, माझं लिवा. तिचं नाव पहिल्यांदा मी घेतलं. पाणवठ्यावर. दगड कुणी मारला ते बी मी बघितलंय, सांगते."

तिच्यामागून लक्ष्मम्मा उठली. मग आणखी एक. जमादारांना वहीचं पान उलटावं लागलं.

धोंडाबाई त्यामुळं परत आली नाही, आणि येईल असं कुणी धरूनही चालू नये. पुरलेल्या तीस कोंबड्याही उठणार नाहीत. पण पुढची वाचू शकतात. पिलू सात दिवसांचं झालं की त्याच्या डोळ्यात लसीचा एक थेंब घाला, महिन्याचं झालं की पुन्हा एक. नवी पिलं जुन्यांत सोडायच्या आधी पंधरा दिवस वेगळी ठेवा. मेलेलं पिलू उकिरड्यावर फेकू नका, खोल पुरा. एवढं केलं तर भगत लागत नाही. आणि कधी कुणी एखाद्या बाईकडं बोट दाखवलं, तर हात जोडण्याआधी त्याला गर्दीतून मोठ्यानं विचारा, तुला कसं कळलं? उत्तर येईपर्यंत तिच्या बाजूला जाऊन उभे राहा.