जावयाच्या हातचा जोड

मिलिमीटर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्याच्या तपासणी खात्यात त्यांनी उभी हयात काढली, तिथल्या कामगारांनी ते त्यांना बहाल केलं होतं, अर्थात पाठीमागे. त्यांच्या टेबलावरून सुटलेला भाग पुन्हा कुणी मोजत नसे आणि त्यांच्या टेबलापर्यंत आलेला भाग सहसा सुटत नसे. निवृत्तीच्या समारंभात साहेबांच्या तोंडून चुकून ‘आपले मिलिमीटर’ असं निघून गेलं. सभागृह हसून लोटपोट झालं. ह्यांना मात्र तो आपला गौरवच वाटला. घरी येऊन त्यांनी बायकोला ते दोनदा सांगितलं.

बायकोने कपाळाला हात लावला. आता हा माणूस चोवीस तास घरात असणार होता. दोरीवरचे कपडे सारख्या अंतरावर वाळत घालणं, भिंतीवरचं घड्याळ पाणसळ लावून सरळ करणं, हे तिने सुट्टीच्या दिवशी सोसलं होतं. रोज सोसायची तिची तयारी नव्हती. म्हणून मिलिमीटर जेव्हा भंगारवाल्याकडून एक जुनी लष्करी जीप उचलून घरी घेऊन आले, तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं तसं तिने काही आकाशपाताळ एक केलं नाही. उलट गॅरेजचं दार स्वतः उघडून दिलं.

जीप म्हणजे नुसता सांगाडा होता. चाकं नव्हती, सीट नव्हत्या, इंजिनात कुण्या पाखराने घरटं केलेलं होतं. कुठल्याशा जुन्या महायुद्धात ती धावली होती म्हणे. मिलिमीटर तिला भिडले. सगळी सुटी केली, एकेक स्क्रू रॉकेलमध्ये बुडवून घासला, जो भाग मिळेना तो हाताने घडवला. तेव्हाचाच हिरवा रंग हवा म्हणून डबेच्या डबे मिसळून पाहिले. बायको तिला ‘तुमची म्हातारी’ म्हणे. काही वर्षांनी म्हातारी एका झटक्यात सुरू झाली आणि गल्लीतून अशी काही रुबाबात फिरून आली, की ज्यांनी आजवर नाकं मुरडली होती तेच गेटपाशी फोटो काढायला उभे राहिले.

पण मिलिमीटरना फोटो नको होते. त्यांना पाटी हवी होती.

जुन्या लष्करी गाड्यांचं एक मंडळ होतं. मंडळाचा परीक्षक घरी येऊन गाडी तपासायचा आणि पसंत पडली तर ‘अस्सल’ असं कोरलेली एक छोटी पितळी पाटी डॅशबोर्डवर ठोकून जायचा. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर पास-नापासचे शिक्के मारले, त्याच्या कामावर आजवर कुणी शिक्काच मारला नव्हता. ते त्यांना निवृत्तीनंतर एका दुपारी अचानक जाणवलं होतं आणि तेव्हापासून आत कुठेतरी सलत होतं. ह्या पाटीसाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

परीक्षक आला. सुरकुतलेला, कोरडा गृहस्थ. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात दांड्याला बसवलेला आरसा. गाडीखाली गेला, इंजिनात डोकावला, आणि पसंतीने मान डोलावत राहिला. मिलिमीटरची छाती फुगत चालली. शेवटी तो मागे गेला. तिथे दोन पत्र्यांचा एक लांब जोड होता. मूळचा गंजून गेला होता म्हणून मिलिमीटरनी स्वतः वेल्डिंग करून नवा केला होता. परीक्षकाने त्यावरून बोट फिरवलं आणि खेदाने म्हणाला, “नाही.”

“काय नाही?”

“हा जोड फार चांगला आहे.”

मिलिमीटरना आपण काय ऐकलं ते कळेना.

“अहो, युद्ध चालू होतं,” परीक्षक समजुतीच्या सुरात म्हणाला. “अनुभवी माणसं आघाडीवर गेलेली. कारखान्यात कारकून, गवंडी, घरच्या बायका, जो मिळेल त्याच्या हातात वेल्डिंगची रॉड दिली होती. एक गाडी संपली की दुसरी पुढ्यात. त्यांचे जोड वेडेवाकडे, ढेकळं आलेले असायचे. वर रंगाचे ओघळ. मी शेकडो गाड्या पाहिल्यात. इतका सुरेख जोड एकीवरही नव्हता. बाकी गाडी लाखात एक आहे. एवढं सुधारा, म्हणजे... बिघडवा, आणि मला बोलवा. फक्त एकदाच पुन्हा येता येतं मला, मंडळाचा नियमच आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा मिलिमीटर तपासणीत नापास झाले होते, आणि तेही काम चांगलं केल्याबद्दल.

त्यांनी जोड घासून काढला आणि कंबर कसली. वाईट वेल्डिंग करायचं, त्यात काय मोठंसं! भंगार पत्र्यावर सराव सुरू झाला. डाव्या हाताने करून पाहिलं. जोड सरळ आला, फक्त वेळ जास्त लागला. मग त्यांनी ढेकळं मुद्दाम घातली. ती सगळी एका आकाराची निघाली. एकदा खरोखर वाकडा जोड जमला, पण जेवायला उठेपर्यंत त्यांच्याही नकळत त्यांच्या हातांनी तो कानशीने घासून नीट करून टाकला होता. रंगाचे ओघळ त्यांनी ड्रॉपरने सोडले.

बायकोने ते ओघळ जवळून पाहिले आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. “अहो, तुमचा गबाळेपणासुद्धा रांगेत उभा राहतो!”

“हसण्यासारखं काय आहे त्यात?”

“काही नाही. एवढा जीव का काढताय? घरात एक जावई आहे ना वेल्डिंगवाला.”

मिलिमीटरनी ड्रॉपर पुसून ठेवून दिला.

जावयाचा गेट आणि जाळ्या बनवायचा धंदा होता आणि तो चांगला चालायचा, कारण तो झटपट काम करायचा. त्याचा जोड म्हणजे चिखलाचे गोळे थापल्यासारखा. पण वर रंग फासला की गिऱ्हाइकाला काही दिसत नसे. सासऱ्यांना दिसे. लग्नानंतर त्याने हौसेने सासुरवाडीला एक फाटक करून दिलं होतं. ते बसवलं त्याच दिवशी मिलिमीटरनी खिशातून पट्टी काढून ते किती तिरकं आहे हे पाहुण्यांदेखत मोजून सांगितलं. तेव्हापासून जावई दिसला की काहीतरी निघायचंच. “काय जावईबापू, आज कुणाचं फाटक वाकडं केलंत?” जावई हसून साजरं करायचा. मुलगी हसत नसे. अलीकडे ती एकटीच यायची, घाईघाईत, आणि संध्याकाळच्या आत निघायची. त्याबद्दल घरात चकार शब्द निघत नव्हता.

परीक्षकाला पुन्हा बोलावलेली तारीख जवळ आली तसे मिलिमीटर फोनपाशी जाऊन परत फिरू लागले. काय सांगायचं त्याला? तुमच्याइतकं वाईट काम मला जमत नाही, म्हणून या? येता-जाता ज्याला हेच फुकट ऐकवलं, त्याला कामाचं म्हणून ऐकवायची वेळ आली तर जीभ रेटेना. शेवटी एकदाचा फोन लावला.

“जावईबापू, जीपचा एक जोड करायचा होता.”

“जीपचा? मी करू?” पलीकडून आलं.

“तुमच्याच हातचा पाहिजे,” मिलिमीटर घाम पुसत म्हणाले. “नेहमी करता तसा करा.”

ह्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते त्यांनी फोन ठेवल्यावर स्वतःला बजावलंही.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी मुलगी-जावई दोघं आली. जावयाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात रॉडचं कोरं पुडकं, डोळ्यांवर लावायची काचसुद्धा नवी. पिशवी टेकवताच तो गाडीभोवती हळूहळू एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, “बाबा, तुम्ही समोर उभे राहू नका. तुम्ही बघत असलात की मला काम सुचत नाही.”

गबाळं काम डोळ्यांदेखत होताना पाहणं मिलिमीटरनाही नकोच होतं. ते आत येऊन बसले. आता तडतड सुरू होईल आणि अर्ध्या तासात गबाळा जोड तयार, ह्या हिशेबाने त्यांनी चहाही मागवला. पण बाहेरून आवाज येईना. आला तो जरासा आला आणि थांबला. बऱ्याच वेळाने पुन्हा जरासा. चहा निवून गेला.

“एवढा वेळ?” ते दाराकडे बघत म्हणाले.

मुलगी कितीतरी दिवसांनी आईशेजारी ऐसपैस बसली होती. “बाबा, तुमचा फोन आल्यापासून ह्यांनी धंद्याचं एक काम हाती घेतलं नाहीये,” ती म्हणाली. “दिवसभर भंगार पत्र्यावर सराव चाललाय. म्हणतात, त्यांनी स्वतःच्या गाडीला हात लावायला बोलावलंय मला. त्या गाडीला! खरं सांगू? मला वाटलं नव्हतं तुम्ही कधी बोलवाल.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जमिनीकडे.

ते बाहेर गेले तेव्हा जोडावर रंगाचा हातही मारून झाला होता. एक ओघळ नाही. जोड ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, एकसारखा, दाट. मिलिमीटर खाली बसले आणि त्यांनी तो कडेकडेने, मग भिंग लावून तपासला. जन्मभर चुका शोधल्या, पण चूक सापडावी म्हणून देवाचा धावा त्यांनी आजच केला. ती सापडली नाही. जावई बाजूला उभा होता, शर्ट घामाने चिंब, बाहीवर ठिणग्यांची भोकं.

“उत्तम,” मिलिमीटर म्हणाले.

जावयाने मान वळवून नाक पुसलं. त्या रात्री मुलगी-जावई राहिले. जेवताना सासऱ्यांनी एकही टोमणा मारला नाही आणि सगळ्यांना वाटलं, म्हातारा समाधानात आहे.

सकाळी परीक्षक आला तो सरळ गाडीच्या मागेच गेला. बोट फिरवलं, सुस्कारा टाकला. “अहो, मी तुम्हाला काय सांगून गेलो होतो? गबाळा पाहिजे म्हणून सांगितलं, आणि तुम्ही तर पहिल्यापेक्षाही...” तो थांबला. “केलाय कुणी?”

“माझ्या जावयाने.”

“कारागीर आहे हो. पण पाटी नाही देता येणार.”

जावई ह्याच्याकडून त्याच्याकडे पाहत राहिला. हळूहळू त्याला उमगलं. फोनवरचं ‘नेहमी करता तसा’. तो लाल झाला, आणि मग एकदम, सगळ्यांना धक्का बसेल इतक्या मोठ्याने हसला.

“अहो बाबा, मग सांगायचं ना! गबाळाच हवा होता तर मी काल चहा व्हायच्या आत करून दिला असता.”

“तेच सांगता येईना,” मिलिमीटर पुटपुटले. “तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

एवढी वर्षं हा विचार कुठे होता, असं जावयाने विचारलं नाही. तो चांगल्या स्वभावाचा माणूस होता. त्याने परीक्षकाला विचारलं, “साहेब, तुम्ही चहा घेईपर्यंत थांबाल ना?”

“थांबतो की. रंग ओला असला तरी चालेल मला. तेव्हाचाही ओलाच असायचा.”

“बस झालं.” जावयाने बाह्या सरसावल्या, ग्राइंडरची पिन लावली आणि गाडीमागे उकिडवा बसला. “हा आत्ता उडवतो आणि असला भिकार जोड मारतो की साहेब, तुम्ही पाटी दोन स्क्रू जास्त लावून ठोकाल. त्यातच तर मी वस्ताद आहे.”

परीक्षकाने बॅगेतून पितळी पाटी काढली. तिच्यावर ऊन पडलं. मिलिमीटरनी ती पाहिली. इतक्या जवळून ते तिला पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी जोडाकडे पाहिलं, आणि ग्राइंडर घरघरायला लागला तसे ते पुढे झाले.

“खबरदार!” ते गरजले. कारखान्यात ह्याच आवाजाने यंत्रांचे पट्टे थांबायचे. “खबरदार त्या जोडाला हात लावलात तर!”

आतून मुलगी ओल्या हातांनीच धावत आली. “बाबा! आज तरी त्यांना ओरडू नका हो!”

“ओरडू दे गं त्यांना,” जावई म्हणाला आणि त्याने ग्राइंडरची पिन काढून घेतली.