कात्रीचा दात

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. बडबड्या माणसाला तुम्ही म्हणता ना, काय कात्रीसारखी जीभ चालते हिची! माझी जीभ मात्र हवी तेव्हा चालली नाही. त्याची मला लाज वाटते. आज सांगून टाकते.

माझी पाती पोलादाची, मुठी काळ्या. एका मुठीला पांढरी चिंधी बांधलेली आहे. तो दागिना नाही, ताकीद आहे. ही कापडाची कात्री, हिला कागद दाखवायचा नाही. चिंधी बांधली आबांनी. आबा शिंपी होते. लोहाराकडून मला आणलं त्या दिवशी त्यांनी मला कानाशी धरून दोनदा उघडमीट केलं, आवाज ऐकला आणि म्हणाले, "बाई, तुझं काम एकच, कापड. दुसरीकडे तोंड घातलंस तर बघ." पुढे तीस वर्षं मी त्यांच्या हातात होते. सदरे बेतले, पडदे बेतले, कोट तर विचारू नका. गिऱ्हाइकं आबांची स्तुती करायची आणि मला वाटायचं, माझीच चाललीय. गर्व अंगात भिनला तो तेव्हापासून.

आबा गेले आणि मी त्यांच्या लेकीकडे आले. ती म्हणजे या घरातली आई. ती घरीच शिवणकाम करते आणि दोन्ही मुलींना घरीच शिकवते. इथली शाळा म्हणजे स्वयंपाकघरातलं जेवणाचं टेबल. थोरली बारा वर्षांची. तिला सगळं येतं, म्हणून बाबा तिला पंडितीणबाई म्हणतात. धाकटी सात वर्षांची. काम करताना ती सारखी गुणगुणते, म्हणून तिचं नाव पडलं भुंगा. आईला शिवणाची घाई असली की भुंग्याची वही तपासायचं काम थोरलीकडे यायचं. त्यासाठी तिला खास लाल पेन्सिल मिळाली होती. ती कानावर खोचून बाई अशा हिंडायच्या की हेडमास्तरांनीही उठून उभं राहावं.

पानगळ सुरू झाली की या शाळेला ऊत यायचा. मुली टोपलीभर पानं वेचून आणायच्या, रंगांप्रमाणे मोजायच्या, जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायच्या, मग पातळ मेणात बुडवून वाळत घालायच्या. शेवटी तारेच्या गोलावर ती पानं बांधून दारावर लावायचं कडं व्हायचं. टेबलावर डिंक, सुतळी, बिया, पानांचा चुरा. आई ओरडायची, "अगं, जेवायची पानं वाढायला जागा ठेवलीय का या पानांनी?"

त्या वर्षी आईने आबांचा लोकरी ओव्हरकोट काढला. आबांनी स्वतः शिवलेला. तो उसवून त्यातून भुंग्याला थंडीचा कोट करायचा होता. कापड अगदी मोजकं होतं, चुकलं तर दुसरं कुठून आणणार? भुंगा रोज विचारायची, "आई, आबांचे खिसे ठेवशील ना?" आई म्हणायची, "ठेवीन गं बाई, किती वेळा सांगू!"

आता लाजेची गोष्ट. भुंग्याने त्याच सुमारास एकदा मला घेऊन कागदाची पानं कापली होती. आईने पकडलं, बोलणी बसली, भुंग्याने कानाला खडा लावला. ते तिथेच मिटलं होतं. पुढच्या आठवड्यात एका दुपारी आई शिवलेले कपडे पोचवायला बाहेर गेली. कडं अर्धवट पडलं होतं. पक्कड बाबांच्या पेटीत आणि पेटीला कुलूप. तेव्हा कुणीतरी मला खणातून काढलं. कुणीतरी जाड तार माझ्या पात्यांमध्ये धरली आणि दोन्ही हातांनी दाबलं. मित्रांनो, मी अडले असते, निसटले असते. पण मला वाटलं, बघा तरी, मी तारसुद्धा कापते! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. कट्कन तार तुटली आणि माझ्या पात्याला टोकाजवळ दात पडला. कुणीतरी मला फ्रॉकला पुसून गुपचूप होते तिथे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कोटाचा पुढचा भाग कापायला घेतला. खडूच्या रेघेवरून मी छान चालले होते. मग तो दात लोकरीत अडकला. आईने सोडवायला हिसका दिला आणि कापड टर्रकन फाटलं, रेघ सोडून चांगलं चार बोटं आत.  आईने माझ्या पात्यावरून बोट फिरवलं.

"हिला हात कोणी लावला?"

थोरली डिंकाच्या बाटलीकडे बघत होती.

"भुंग्या, तूच ना? परत कागद कापलास?"

"नाही गं आई."

"गेल्या आठवड्यात सापडली होतीस की नाही?"

"तेव्हा हो. आता नाही."

"खोटं बोलू नकोस. खरं सांगितलंस तर मी रागावणार नाही."

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा भुंगा म्हणाली, "बरं. मीच."

आणि आई रागावली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही! 'मी कापडाच्या कात्रीने कागद कापला' असं दहा वेळा लिहायची शिक्षा झाली. भुंग्याने लिहिलं. न गुणगुणता लिहिलं. मग वही नेहमीप्रमाणे थोरलीपुढे आली. तिने कानावरची लाल पेन्सिल काढली. भुंग्याने सगळीकडे 'कात्रिने' लिहिलं होतं. थोरलीने दहाही ठिकाणी गोल केले आणि म्हणाली, "री दीर्घ."

भुंग्याने विचारलं, "ताई, बाकी बरोबर आहे ना?"

थोरली म्हणाली, "हो."

मी शेजारीच पडले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी गल्लीत धारवाला आला. आई मला घेऊन दारात गेली, मागे दोघी मुली. त्याने नखावरून माझं पातं फिरवलं आणि हसला.

"काय बाई, तार कापायला लावलीत की काय म्हातारीला?"

"तार नाही हो, कागद. ही आमची धाकटी."

"कागदाने धार जाते, दात पडत नाही. हा तारेचाच." त्याने भुंग्याच्या इवल्याशा मुठीकडे पाहिलं. "आणि हिच्यात कुठे एवढा जोर?"

आईने मान वर केली. दारावर पानांचं कडं झुलत होतं. तार वळायचं काम या घरात कोण करतं, हे तिला काही विचारावं लागलं नाही. ती पायरीवर बसली.

"भुंग्या, मग तू हो का म्हणालीस गं?"

"तू म्हणालीस, खरं सांगितलं तर रागावणार नाही. मी खरं सांगत होते तर तू रागावतच होतीस."

आईने पदर तोंडाला लावला. "माझं चुकलं गं बाळा," एवढंच तिला बोलता आलं. थोरली भिंतीला टेकून उभी होती. तिच्यावर कोणी आवाज चढवला नाही, तेच तिला जड गेलं असावं. संध्याकाळी आईने तिला निबंध दिला, 'आपल्या कात्रीचे आत्मवृत्त'. आणि लाल पेन्सिल भुंग्याच्या हातात ठेवली. "तपासणार ही."

थोरलीने दोन दिवस लिहिलं. माझी पाती, आबा, चिंधी, सगळं झकास उतरलं होतं. भुंगा एकेका शब्दाखाली बोट ठेवून वाचत गेली आणि एका ठिकाणी थांबली. तिथे होतं, 'मग कुणीतरी मला घेऊन तार कापली.' भुंग्याने 'कुणीतरी'भोवती लाल गोल काढला.

"ताई, कुणीतरी म्हणजे कोण?"

थोरलीने तो शब्द खोडून लिहिलं, 'मी'.

"असं नाही चालणार. इथे मी म्हणजे कात्री. तिने एकटीने कापली का?"

थोरलीचे कान लाल झाले. ती वहीवर वाकली. मग तिने लिहिलं, 'भुंग्याच्या ताईने'. शेवटचं अक्षर ओलं होऊन पसरलं. भुंग्याने ते तसंच राहू दिलं आणि त्यापुढे बरोबरची खूण केली.

कोट झाला. आबांचे खिसे आहेत. फाटलं तिथे थोरलीने पानाच्या आकाराचं ठिगळ लावलंय. ते पान कमी आणि बटाटा जास्त दिसतं, पण भुंगा येणाऱ्याजाणाऱ्याला बोट लावून दाखवते. माझा दात धारवाल्याने घासला, तरी बारीकसा राहिलाच.

तेव्हा मित्रांनो, घरात कापडाची कात्री असेल तर तिला कापडच द्या, तिने कितीही ऐट दाखवली तरी. आणि आपल्या चुकीची गोष्ट सांगताना 'कुणीतरी' हा शब्द आला की लाल पेन्सिल घ्या. सुरुवात माझ्यापासूनच करा. मघाशी मी तो तीनदा वापरला. तिन्ही ठिकाणी गोल काढा, आणि वर लिहा, भुंग्याच्या ताईने. मधल्या ठिकाणी त्याखाली माझंही नाव घाला.