शववाहिकेचे प्लग

शववाहिका झटके खायला लागली तेव्हा ड्रायव्हरने आधी पेट्रोलपंपवाल्याला शिव्या घातल्या, मग रस्त्याला. गाडीवर दोन्हींचा काही परिणाम होईना, तेव्हा गॅरेज गाठलं. मेकॅनिकने इंजिनातून चारही स्पार्क प्लग काढून त्याच्या हातावर ठेवले. काजळीने काळेठिक्कर पडलेले.

"हे ठिणगी टाकत नाहीत, नुसते उसासे टाकतात," मेकॅनिक म्हणाला. "नवीन घ्या, आणि चांगले घ्या."

स्पेअरपार्टच्या दुकानात बायकोही आली, कारण धंदा दोघांचा होता. तो गाडी चालवायचा आणि ती आवाजात बेताचं दुःख आणून फोनवर बुकिंग घ्यायची. दुकानदाराने काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. एकीत साधे प्लग, दुसरीत इरिडियमचे. इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक, ठिणगी दमदार, आयुष्य कितीतरी जास्त. आणि किंमत अशी, की ड्रायव्हरने डबी हातातून हळूच खाली ठेवली.

"हेच द्या," बायको म्हणाली.

"कशाला? माझ्या गिऱ्हाइकांना कसली घाई? आजवर एकाने तरी उशीर झाला म्हणून तक्रार केलीय?"

"त्यांचे नातेवाईक करतात. फोन मी घेते."

पण ड्रायव्हरची नजर आता खालच्या खणातल्या सुट्या प्लगांवर गेली होती. त्यांच्यावर ना नाव ना नंबर, आणि ते साध्यांपेक्षाही स्वस्त. त्याने तेच घेतले. नवऱ्याला शववाहिकेत मागे आडवा घालायला किती जागा लागेल, याचा अंदाज घेतल्यासारखं बायकोने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

दुसऱ्या दिवशी एका रिटायर्ड हेडमास्तरांना न्यायचं होतं. मागे हेडमास्तर आणि त्यांचे दोन मुलगे, पुढे ड्रायव्हरशेजारी आजी, म्हणजे हेडमास्तरांच्या पत्नी. चढावर इंजिन दोनदा खोकलं आणि सायलेन्सरमधून बंदुकीसारखा बार उडाला. थोरल्याने दचकून वडिलांकडे पाहिलं आणि हातातली फुलं खाली टाकून सरळ उभा राहिला. धाकटा दार उघडून रस्त्यापलीकडे पोचलासुद्धा. गाडी बंद.

"माफ करा, आजी," ड्रायव्हर घाम पुसत म्हणाला. "प्लग जरा स्वस्तातले पडले."

"ह्यांचंही तसंच होतं," आजी शांतपणे म्हणाल्या. "स्वस्तातले कपाटभर बूट होते, एकही धड पायात बसत नव्हता."

मागच्या गाड्यांतून नातेवाईक उतरले आणि इस्त्रीच्या कपड्यांत शववाहिका ढकलू लागले. मी एकटाच ढकलतोय आणि हा नुसता हात लावून उभा आहे, असं थोरला सगळ्यांना सांगत होता. धाकट्याने मग खरोखरच हात काढून घेतला. चढ संपता संपता इंजिन एकदाचं सुरू झालं आणि काळ्या धुराचा लोट थेट सोयऱ्याधायऱ्यांच्या तोंडावर गेला. आजींनी रुमाल तोंडाला लावला. खांदे गदगदत होते. धीराचं काहीतरी बोलावं म्हणून ड्रायव्हर वळला, तर बाई हसत होत्या.

तो घरी पोचला तेव्हा टेबलावर इरिडियमची डबी होती. हेडमास्तरांच्या थोरल्या सुनेचा तक्रारीचा फोन त्याच्या आधी येऊन गेला होता.

"आधी हे बसवा," बायको म्हणाली, "मग जेवण."

त्याने निमूटपणे बसवले. त्या दिवसापासून गाडी कुठलाही चढ तक्रार न करता चढू लागली. हे त्याने मेकॅनिकला सांगितलं, दुकानदाराला सांगितलं. बायकोला तेवढं सांगितलं नाही.

पुढे एकदा आजींचा फोन आला. तक्रार असणार म्हणून बायकोने आवाजात बेताचं दुःख आणलं, पण त्यांना ड्रायव्हरच हवा होता. ह्यांची गाडी शेडमध्ये पडून आहे, म्हणाल्या. ह्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. आता शिकायला जाते. प्लग कुठले टाकू?

ड्रायव्हरने अनुभवाला जागून प्रामाणिक सल्ला दिला. "बाजारापर्यंतच जाणार असाल तर चांगल्या कंपनीचे साधे पुरे. फक्त नंबर बरोबर बघून घ्या. इरिडियम कशाला उगाच?"

आजींनी थोडा विचार केला.

"महागातलेच सांगा," त्या म्हणाल्या. "नको म्हणणारं आता घरात कोणी नाही. आणि बाजारापर्यंतच जाईन, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"