वाइनिसोले गावाने परत केलेला दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. हसू नका. मी माणसाच्या मुखातील नव्हे, तर देवमाशाच्या जबड्यातील दात आहे, आणि माझी लांबी मोठ्या माणसाच्या वितीएवढी भरते. सध्या माझा मुक्काम आमच्या बेटांच्या राजधानीत, सुवा शहरातील एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, काचेच्या पेटीत आहे. माझ्या अंगावर एक चीर पडली असून ती दर महिन्यास थोडी थोडी वाढत आहे. तिने माझे दोन तुकडे करण्यापूर्वी माझी हकीकत तुमच्या कानी घालावी, एवढीच माझी इच्छा आहे.

माझे बालपण अंधारात गेले. ज्या देवमाशाच्या जबड्यात मी वाढलो, तो दहा भुजांच्या माकुळांच्या शोधात खोल खोल बुडी घेत असे. तेथे सूर्याचा एक किरणही पोहोचत नव्हता. आम्ही जेथवर उतरत असू, त्याच्याही पुष्कळ खाली समुद्राचा तळ होता. तेथे कोणी जात नसे आणि तेथून कोणी काही आणीतही नसे.

पुढे तो देवमासा वृद्ध होऊन वाइनिसोले गावच्या किनाऱ्यास लागला व मरण पावला. गावकऱ्यांनी त्याचे दात काढले. मला काढताना कुऱ्हाडीचा एक घाव चुकला आणि माझ्या कडेची एक लहानशी कपची उडाली. ती खूण आजही माझ्या अंगावर आहे. मग मला घासून गुळगुळीत करण्यात आले, धुरावर धरून तांबूस रंग देण्यात आला आणि काथ्याची वेणी गुंफून मला बांधण्यात आले. तेव्हापासून मी दात राहिलो नाही, मी तांबुआ झालो.

तांबुआ ही बाजारात मांडण्याची वस्तू नाही. कन्येस मागणी घालावयाची असो, अपराधाची क्षमा मागावयाची असो वा परक्या गावाचे साहाय्य हवे असो, आमच्या बेटांवर तांबुआ हाती धरूनच बोलावे लागते. समोरच्याने तो दोन्ही हातांनी घेतला की मागणे मान्य झाले. म्हणून शहाणा माणूस मागणे शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतो आणि मगच हात पुढे करतो.

वाइनिसोले येथे विनाइसी नावाची एक मुलगी, मी वाळून तडकू नये म्हणून, मला दर आठवड्यास खोबरेल तेल चोळीत असे. तिच्या बोटांचा स्पर्श मी कधीही विसरणार नाही. तिच्या थोरल्या भावाचे लग्न ठरले तेव्हा मला दूरच्या बेटावर नेण्यात आले. मी तिकडे राहिलो आणि माझ्या बदल्यात वधू वाइनिसोलेस आली. त्या वधूच्या पोटी जो पुत्र जन्मला, तोच सेमिसी पुढे गावाचा प्रमुख, म्हणजे रातू, झाला. ती माउली लेकास मांडीवर घेऊन सांगत असे, "मला मागणी घालायला जो तांबुआ आला त्याची कड फुटकी होती, म्हणून माझ्या वडिलांनी आधी नाक मुरडलं होतं." हे मला फार नंतर समजले.

मित्रांनो, मजसारख्यांनाही वाईट दिवस येतात. अनेक घरे फिरत फिरत मी अखेर सुवा येथील एका गहाणवटीच्या दुकानात जुनी घड्याळे व गिटार यांच्यामध्ये टांगला गेलो. सात वर्षे मला तेलाचा थेंब मिळाला नाही. एके दिवशी तोमासी नावाचा एक गृहस्थ आला. तो आमच्याच बेटांवरचा, गोड वाणीचा, रीतिरिवाजांत मुरलेला. समुद्राच्या तळावरील धातूचे दगड काढू पाहणाऱ्या एका परदेशी कंपनीने त्यास आपल्या वतीने बोलण्याकरिता नेमले होते. त्याने दुकानातील नऊ दात हाताळले व मलाच निवडले. माझा पूर्वेतिहास त्यास ठाऊक होता किंवा कसे, हे मी आजही सांगू शकत नाही.

अशा रीतीने पन्नास वर्षांनी मी वाइनिसोले गावच्या सभागृहात परतलो. चटईवर सर्व गाव बसले होते. एका बाजूस सरकारी खात्याच्या बाई कागद घेऊन बसल्या होत्या. समुद्राचा तळ सरकारच्या मालकीचा असला तरी काठच्या लोकांस विचारल्यावाचून परवाना देऊ नये, असा नियम होता. तोमासीने मला दोन्ही हातांत धरले आणि भारदस्त भाषेत बोलण्यास प्रारंभ केला. कंपनीचे जहाज तुमच्या समुद्रात उभे राहावे, त्याने तळ पाहावा, मोजावा, अशी त्याची विनंती चालली होती.

इतक्यात रातू सेमिसीच्या मागे बसलेली एक म्हातारी पुढे वाकली. ती विनाइसी होती. तिने माझी कड पाहिली.

"सेमिसी," ती हळूच म्हणाली, "हा तुझ्या आईचा रे. मी तेल लावायचे याला."

रातूची आई वारून तेव्हा एकच वर्ष झाले होते. त्याचे हात आपोआप पुढे आले आणि त्याने मला धरले. तोमासी अजून बोलतच होता. त्याचे शेवटचे वाक्य उरले होते, आणि ते त्याने आवाज जराही न चढवता पूर्ण केले: तळावर जे काही सापडेल ते उचलून नेण्यास गावाने मान्यता द्यावी.

रातूने ते वाक्य स्पष्ट ऐकले. आपण काय देऊन बसलो, हे त्यास उमगले. परंतु तांबुआस लागलेले हात मागे घेणे म्हणजे पाहुण्याचा, पूर्वजांचा आणि त्या क्षणी खुद्द आईचा अपमान होता. त्याने हात मागे घेतले नाहीत. लोकांनी रिवाजाप्रमाणे ओंजळीने टाळ्या वाजविल्या. खात्याच्या बाईंनी कागदावर लिहून घेतले, की गावाने परंपरेनुसार संमती दिली आहे.

तदनंतर जहाज आले. ते क्षितिजावर एखाद्या कारखान्यासारखे उभे राही आणि त्याच्या मागे पाणी दुधाळ होत जाई. दरवर्षी ठराविक महिन्यात खडकांच्या आत शिरणारे माशांचे थवे त्या वर्षी आले नाहीत. दुसऱ्या वर्षीही आले नाहीत. चुलींवर डालोचे, म्हणजे अळूचे, कंद उकडत, पण सोबतीस डब्यातील मासे असत. रातू अर्ज घेऊन सुवास गेला. तेथे त्यास सांगण्यात आले, की मासे जहाजामुळेच गेले यास पुरावा नाही, आणि संमती तर नोंदलेली आहे. एवढेच नव्हे, तर शेजारच्या गावांना त्याच संमतीचा दाखला देऊन विचारण्यात येत होते, की वाइनिसोलेने दिली, मग तुमचे काय अडते?

शेजारच्या गावचे लोक धक्क्यावर भेटत तेव्हा डिवचल्यावाचून राहत नसत.

"काय रातू, दात तर मिळाला. आता चावायचं काय?"

तो चालू लागे. घरी येऊन माझ्यासमोर बसे. अखेर एके दिवशी त्याने आपल्या आत्यास, विनाइसीस, सांगितले, की आपण हा तांबुआ परत करणार आहोत. दिलेला तांबुआ परत केला आणि समोरच्याने तो स्वीकारला, तर दिलेला शब्दही मोकळा होतो, अशी आमची जुनी रीत आहे. म्हातारीने माझ्या फुटक्या कडेकडे पाहिले.

"चूक माझ्या तोंडाची," ती म्हणाली. "मी गप्प बसले असते तर तू शेवटपर्यंत ऐकलं असतंस."

"आत्या, हात माझे होते."

"मग आईला दुसऱ्यांदा घराबाहेर काढतोयस, एवढं लक्षात ठेव. आण इकडे. कोरडा नाही पाठवायचा."

तिने मला अखेरचे तेल चोळले. तिची बोटे आता वाकडी झाली होती, परंतु स्पर्श तोच होता.

कंपनीच्या कचेरीत फरशी आरशासारखी चकचकीत होती. रातू व आत्या यांनी तिच्यावर आपली चटई अंथरली आणि ती दोघे खाली बसली. एक तरुण परदेशी साहेब लगबगीने बाहेर आला. मेजापाशी बसणारी लिटिया नावाची मुलगी आमच्याच बेटांवरची होती, तिने दुभाषाचे काम केले. रातूने मला पुढे केले.

"तुमचा तांबुआ तुम्हाला परत," तो म्हणाला. "आमचा शब्द आम्हाला परत द्या. समुद्र होता तसा राहू द्या."

लिटियाने शब्द न् शब्द सांगितला. साहेबास तो भेट देण्याचा उपचारच वाटला असावा; त्याने मान डोलावली, आनंदाने मला दोन्ही हातांनी घेतले, पुष्कळ आभार मानले आणि छायाचित्र काढविले. लिटियाची नजर जमिनीला खिळली होती. तिने एकटीने, अगदी हळू, तीनदा ओंजळीच्या टाळ्या वाजविल्या. रीतीने शब्द मोकळा झाला होता. रातूने दीर्घ श्वास सोडला. जिन्यावरून उतरताना त्याने आत्यास हात दिला, हे मी दारातून पाहिले. दोन वर्षांत प्रथमच त्याचे खांदे सैल दिसत होते.

आठ दिवसांनी ही काचेची पेटी आली. तिच्यात मला ठेवून खाली पितळी पाटी लावण्यात आली: 'वाइनिसोले ग्रामस्थांनी आनंदाने दिलेली मैत्रीची व संमतीची भेट.' पुढील परवान्याच्या सुनावणीत माझे छायाचित्र दाखविण्यात आले. गावाने दुसऱ्यांदा संमती दिली, अशी नोंद झाली. लिटियाने एकदा साहेबास खरा अर्थ समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्याने शांतपणे ऐकून घेतले व असे काही कागदावर आहे का, एवढेच विचारले.

काही महिन्यांनी रातू सेमिसी पुन्हा आला. या खेपेस तो एकटा होता. त्याने लिटियाकडून पाटी वाचून घेतली. तो रागावला नाही. पेटीसमोर उभा राहून त्याने खिशातून एक लहान बाटली काढली.

"आत्या गेली," तो म्हणाला. "हे तिच्या हातचं तेल आहे. याला लावशील का, पोरी?"

लिटियाने सांगितले, की पेटीस कुलूप आहे व किल्ली साहेबांकडे असते. त्याने बाटली तिच्या मेजावर ठेवली आणि तो निघून गेला. ती बाटली अजून तेथेच आहे. काचेतून मला ती दिसते.

मित्रांनो, माझ्या शेजारी याच पेटीत एक काळा खडबडीत दगड ठेवला आहे. तो तळावरचा आहे. आम्ही जेथवर उतरत असू, त्याच्याही पुष्कळ खालचा. त्यास तेथे लाखो वर्षे कोणी हात लावला नव्हता. त्याच्याखालीही पाटी आहे. तो बोलत नाही.

तुमच्यासमोर कोणी सुंदर वस्तू धरील, कदाचित ती तुमच्याच घरातून हरवलेली असेल. माझी एवढीच प्रार्थना आहे, की हात पुढे करण्यापूर्वी शेवटचे वाक्य ऐकून घ्या. आणि कोणी काही परत करावयास आला, तर तो काय परत मागत आहे, हे त्यास विचारा. मला तेलावाचून फार दिवस काढता येणार नाहीत. चीर आता त्या फुटक्या कडेपर्यंत पोहोचली आहे.