भिंतीवरची मोकळी जागा

ही गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही, पैज लावतो. या गुलाम रसूल पेंटरची एकही गोष्ट रेणापुरात आजवर कुणाला खरी वाटलेली नाही. पण ही त्या सगळ्यांची आई आहे. शिवम्मा, तूही बस इथं जोत्यावर. गोष्ट तुझ्या धाकट्या बहिणीची आहे, पण मी संपवीपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा होता आणि दुष्काळ जुनाच. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं ‘उस्मानाबाद’ पुसून मी ‘लातूर’ लिहीत फिरत होतो. रंगाला तोटा नव्हता, पाण्याला होता. मलप्पा किराणावाल्याच्या दारात त्याची बायको गुरम्मा टँकरच्या रांगेत लावायच्या घागरी पुसत होती आणि त्यांची धाकटी, तेरा वर्षांची शिवकांता उंबऱ्यावर बसून कागदावर रेघा ओढत होती. पुढच्या महिन्यात लातूरला तिची चित्रकलेची परीक्षा होती. पोरीचा हात असा, की तिनं शाळेच्या भिंतीवर रांजण काढला, तर हेडमास्तरांची म्हैस तो चाटून चाटून चुना उतरवून गेली. हसा. म्हैस आज असती तर तिलाच विचारलं असतं.

शाळेतले मन्मथ सर तिला संकल्पचित्र शिकवायचे. “सगळा कागद भरू नको, शिवकांते. मोकळी जागासुद्धा चित्रच असते. एका बाजूला मोठं काही काढलंस, तर दुसऱ्या बाजूला लहानसंच काढ, पण गडद. नजर आपोआप तिथं जाते.”

ती हेच करून बघत होती, तेवढ्यात मलप्पा दुकानातून आला. “शिवम्माच्या मांडवात हिचंबी उरकून घेऊ. उदगीरवाले त्यांच्या धाकट्यासाठी हिला मागायलेत.”

गुरम्माच्या हातातलं फडकं थांबलं. “आवो, आठवीत हाय ती.”

“मग? एका टँकरात एक मांडव निघतो. पुढच्या साली दुसरा टँकर तुझा बाप आणंल का? दोघी भैनी एका घरात जातील. लई चांगलं हाय.”

त्या वर्षांत घरोघर हेच चाललं होतं. थोरलीचा मांडव पडला की धाकटीलाही त्यातच उभी करायची, मग ती परकरात असो की फ्रॉकात. कुणी त्याला पाप म्हणत नव्हतं, काटकसर म्हणत होते. कायदा होता, पण तो कचेरीत होता, आणि कचेरीची पाटी अजून ओली होती.

शिवकांता रडत सरांकडे गेली. सर दुकानात आले. “मलप्पाअण्णा, परीक्षा तरी होऊ द्या.”

“बसा सर, च्या घ्या. पाणी तुमी आणता का?”

सर चहा न घेताच उठले. शिवकांता दुकानाच्या पायरीशी उभी होती. तिच्याकडे न बघता ते निघून गेले.

लग्नघराची भिंत रंगवायला मलप्पानं मला बोलावलं नाही. “घरचीच चितारीण हाय,” म्हणाला. म्हणजे स्वतःच्या लग्नाची भिंत पोरीनंच रंगवायची. गुरम्मानं पिण्याच्या घागरीतलं पाणी चुन्यात ओतलं. शिवकांतानं उजवीकडे केळीचे खुंट काढले, कलश काढला, शिवम्माचं आणि थोरल्या नवऱ्याचं नाव लिहिलं. डावीकडे अर्धी भिंत पांढरी ठेवली आणि खाली कोपऱ्यात काजळीनं तळहाताएवढं दप्तर काढलं. स्वतःचं नाव कुठंच नाही.

उदगीरचं वऱ्हाड उतरलं. उतरेल तो माणूस आधी ते दप्तरच बघे. नवऱ्यांचा मामा रेवणसिद्ध भिंतीसमोर थबकला. “आमच्या धाकट्याचं नाव कुठाय?”

“तिथं नाव न्हाई, मामा,” शिवकांता उंबऱ्यातून म्हणाली. “ती जागा माझी हाय.”

“हिला हळद लागली न्हाई का?”

“लागली व्हती. म्या पुसली.”

आता ऐका. वाजंत्री थांबली. भिंतीवरचं ते दप्तर फुगू लागलं, एवढं फुगलं की वऱ्हाडाला मागं सरकावं लागलं. धाकट्या नवऱ्यानं आपल्या हातानं बाशिंग सोडलं आणि म्हणाला, “शिकू द्या तिला.” मलप्पा ढसाढसा रडला. परीक्षेच्या दिवशी त्यानंच पोरीला लातूरला नेलं, केंद्राच्या दारात दिवसभर उभा राहिला. आज नांदेडच्या एका शाळेत ती चित्रकलेची बाई आहे. मोकळी जागा कशी ठेवायची, ते पोरींना शिकवते...

“खोटं.”

शिवम्मा जोत्यावरून उठली होती.

“दप्तरावर बापानं चुना फासला. तो वाळायच्या आत कुंचला माझ्या हातात दिला. तिचं नाव म्याच लिहिलं, रसूलचाचा. चांगलं मोठं लिहिलं, सगळी जागा भरून. वयाच्या पंधराव्या साली ती बाळंतपणात गेली, तवा भिंतीवर ते नाव तसंच व्हतं.”