फळ्यावरची पाटी

"बदक!" बाई ओरडल्या. एका मुलाने फरशीवर खडूने आखलेल्या घरांतून बेडूकउड्या मारल्या, 'ब'वर, 'द'वर आणि धप्पकन 'क'वर. पहिलीच्या वर्गाने टाळ्या पिटल्या आणि नेमके तेव्हाच मुख्याध्यापक दारात उभे राहिले.

"बाई, हा वर्ग आहे की बाजार?"

"वाचताहेत, सर."

"तोंडं मिटून वाचायला शिकवा! पुन्हा आवाज आला तर पहिली दुसऱ्या कुणाला देईन. तुम्ही सामानाची खोली सांभाळा."

बाईंची अख्खी नोकरी पहिलीत गेली होती. शिवाय गोटी होती. पुस्तक उघडलं की या पोरीचं पोट दुखायचं. खडूच्या घरांवर मात्र ती बरोबर उडी मारायची, फक्त तोंड उघडत नव्हती. आता कुठे मार्गाला लागली होती, आणि हे मध्येच सोडायचं?

दुपारी शिपाई येऊन फळ्याच्या वर पाटी ठोकून गेला: 'शांतता राखा'. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग त्यांनी पाटीकडे नीट पाहिलं. टपोरी, काळीभोर अक्षरं, शेवटच्या बाकावरूनही दिसणारी. अशी झकास पाटी त्यांना स्वतःला कधी जमली नसती.

त्यांनी घरं पुसली आणि नवी अक्षरं मांडली. "चला, वर काय लिहिलंय ते उड्या मारून वाचायचं!"

दोघं-तिघं अडखळली. मग गोटी उठली. 'शां', 'त', 'ता'. जरा थांबली, फ्रॉक सावरला. 'रा', 'खा'. आणि शेवटच्या घरात उभं राहून तिने बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली, "शांतता राखा!"

मग काय, सगळा वर्गच सुटला. "शांतता राखा! शांतता राखा!" बाई हसत होत्या, डोळे पुसत होत्या, पण कुणालाही गप्प करत नव्हत्या.

मुख्याध्यापक धावत आले. "कोण ओरडतंय?"

गोटीने पाटीकडे बोट दाखवलं. "सर, तिथं लिहिलंय. मी वाचलं."

सरांचे कान लाल झाले. "बाई, उद्यापासून सामानाची खोली."

"चालेल," बाई म्हणाल्या. "पण तिने वाचलं, ते तुम्हीही ऐकलंत."

दुसऱ्या दिवशी त्या मोडक्या खुर्च्या आणि झाडूंमध्ये बसल्या. भिंतीपलीकडे त्यांची पहिली गुपचूप बसली होती. बाईंना रडू आवरेना. जरा वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि खडूचं नवं खोकं फोडलं. पाण्याच्या नळाकडे जायची वाट याच खोलीवरून होती. गुडघे कुरकुरले, तरी त्या व्हरांड्यात खाली बसल्या आणि घरं आखू लागल्या.

त्या दिवशी पहिलीच्या मुलांना फार तहान लागली. गोटी तर उड्या मारत नळापर्यंत गेली आणि पाणी न पिताच पुन्हा उड्यांच्या रांगेत येऊन उभी राहिली.