फक्त रंग पाहायचा होता

"हेमराज, तू थांब गा सामानापाशी," गिरिधर सर बोटीतून म्हणाले.

हेमराजकाकांचा एक पाय जेट्टीवर, दुसरा बोटीच्या काठावर होता. तो त्यांनी मागे घेतला. बोट दहा जणांची. एम.एस्सी.चे सहा विद्यार्थी, सर, मी आणि काका असे नागपूरहून यायचे नऊ जण तिच्यात आरामात मावले असते. पण सरांनी ऐनवेळी पत्नीला आणि मेहुणीला सोबत घेतलं होतं. प्राणिशास्त्राशी त्या दोघींचा संबंध ताटातल्या माशापुरता. तरी कोणाला उतरवायचं, हा प्रश्न सरांना पडलासुद्धा नाही.

हेमराजकाका आमच्या प्रयोगशाळेतले परिचर. घराणं विणकरांचं. वडिलांचा माग बंद पडला आणि काका कॉलेजात लागले. तीस वर्षं त्यांनी पेंढा भरलेले पक्षी सांभाळले. त्यातल्या रोहित पक्ष्याचा, म्हणजे फ्लेमिंगोचा, रंग उडाला तेव्हा सरांनी "गुलाबी मार" एवढंच सांगितलं. विणकराच्या घरात गुलाबी म्हणजे लुगड्याचा राणी रंग. काकांनी गांधीबागेच्या कापडबाजारातून रेशमाचा रंग आणला आणि पक्षी मानेपासून शेपटीपर्यंत राणी रंगात रंगवला. तोच पाहून मुलं पास होत गेली. मीही झाले. पुढे टीव्हीवर खरा पक्षी दिसला तेव्हा काका चरकले, पण प्रत्येक टीव्हीवर रंग वेगळा. खाडीतल्या या अभयारण्यात ते अकरा सहलींबरोबर आले होते आणि अकराही वेळा सामान राखत बसले होते. ही शेवटची सहल. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते.

"मले फक्त रंग पाह्याचा होता, सर," ते म्हणाले. "जाता जाता पक्षी नीट करून ठेवतो म्हटलं." त्यांनी खिशातून रेशमाच्या सहा लड्या काढल्या. अगदी फिकट गुलाबीपासून गडदपर्यंत, घरी रंगवून आणलेल्या.

"फोटो पाठवतो तुले व्हॉट्सॲपवर," सर म्हणाले. मेहुणी हसली.

मी उठायला हवं होतं. "काका, माझ्या जागी बसा" एवढंच म्हणायचं होतं. पण मी कंत्राटी प्राध्यापिका, आणि माझी मुदतवाढ सरांच्या हातात. मी लाइफ जॅकेटचा पट्टा आवळत बसून राहिले.

खाडीत पक्षी शेकड्यांनी होते म्हणे. मुलं फोटो काढत होती, मेहुणीबाई सेल्फी. मी सरांच्या मानेकडे पाहत मनातल्या मनात त्यांना फाडून खात होते. तीस वर्षं राबलेल्या माणसाला एक जागा देता येत नाही? आणि मिनल, तुझी जीभ काय नागपुरात राहिली? थवा उडाला तेव्हा सगळे वर पाहत होते. मी मान वर करीपर्यंत तो लांब गेला होता.

परत आल्यावर नावाडी आपणहून म्हणाला, "काकांना घेऊन एक फेरी मारतो. अजून अर्धा तास भरतीचं पाणी आहे."

"तिकडे जेवण थंडं होऊन राहिलं," सर म्हणाले आणि चालू लागले.

काकांनी दोन्ही खांद्यांवर पिशव्या अडकवल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच लड्या पुढे केल्या. "मॅडम, तुमी तर पाह्यला ना? कोनता होता?"

त्यांच्या जागेवर बसून मी काहीच पाहिलं नाही, हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार? मी दुसऱ्या लडीवर बोट ठेवलं.

"पक्का?"

"पक्का, काका."

त्यांनी त्या लडीला गाठ मारली. "बरं झालं. नाही तर पोराइले खोटंच शिकवून गेलो असतो."

मार्चमध्ये त्यांनी जुना रंग उतरवून पक्षी नव्याने रंगवला. निरोप समारंभात सर म्हणाले, हेमराजने कधी तक्रार केली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जूनमध्ये माझी मुदतवाढ झाली.

आता प्रात्यक्षिकाला मीच मुलांना त्या पक्ष्यासमोर उभं करते. मुलं चित्र काढतात, रंगाच्या पेन्सिली पक्ष्याजवळ धरून छटा नेमकी जुळवतात आणि वही माझ्यापुढे ठेवतात. मी बरोबरची खूण करते.